गोदा नावाची आज्ञा

"किती वेळ लागतो म्हणालास?" आरवाडे साहेबांनी विचारलं.

"चाळीस सेकंद. गोदा एवढं टाइप करायचं आणि एंटर मारायचं," मी म्हणालो आणि मारलंसुद्धा.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकायला लागल्या. साहेब माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे होते आणि मनगटावरचं घड्याळ बघून खरोखरच सेकंद मोजत होते. अडतीस झाले असतील, तेवढ्यात शेवटची ओळ उमटली. पानं एकशे साठ, चुका शून्य, ठीक.

"आणि हेच काम गोदाक्कांना किती दिवसांचं?"

"चार. कधी पाच."

साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. दोन वर्षं मी कंत्राटावर होतो, आणि ही थाप कायमच्या नेमणुकीची होती हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो.

"निशी," मागच्या टेबलावरून आवाज आला, "माझं नाव दिलंस व्हय त्याला?"

मी वळून बघितलं. गोदाक्का मगदूम खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि त्यांची बोटं समोरच्या पानावर मध्येच थांबली होती. चार वर्षांच्या असताना देवी येऊन त्यांचे डोळे गेले. आता त्रेपन्न वर्षांच्या होत्या, आणि त्यातली पंचवीस वर्षं आमच्या ब्रेल छापखान्यात प्रूफं वाचण्यात गेली होती. खिडकीजवळची जागा त्यांनी भांडून मिळवलेली. उजेडाचा त्यांना काही उपयोग नव्हता, पण मिरजेतल्या त्या रस्त्यावरची भांडणं तिथून छान ऐकू यायची.

"हो आक्का. तुमची आठवण म्हणून."

"आठवण मेलेल्या माणसाची ठेवत्यात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाचायला लागल्या.

साहेब हसले. मीही हसलो. सोळा वर्षं झाली या गोष्टीला, पण त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्या नावाची काय भानगड होती ते सांगायला हवं. साध्या मजकुराचं ब्रेल करणारं आमचं जे साधन होतं त्यात चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळा पडदा, आणि आज्ञा टाइप करायच्या. मूळच्या आज्ञा लांबलचक आणि किचकट. पण त्यात एक सोय होती. साधनाच्या सेटिंगच्या फायलीत आपण आपली टोपणनावं घालू शकत होतो. ओळीच्या डाव्या बाजूला आपल्याला हवं ते नाव, उजव्या बाजूला ते नाव टाइप केल्यावर बाहेरची कुठली स्क्रिप्ट चालवायची तिचा पत्ता. स्क्रिप्ट म्हणजे आपणच लिहून ठेवलेला कामांचा क्रम. एकदा लिहिली की नाव घ्यायचं आणि बघत बसायचं. मला या गोष्टीचा इतका नाद लागला की दोन वर्षांत मी अकरा स्क्रिप्टी लिहिल्या, आणि प्रत्येकीला छापखान्यातल्या माणसाचं नाव दिलं. 'रजाक' म्हटलं की छपाई सुरू, कारण छपाईच्या यंत्रावर रजाकभाई मुजावर असायचे. 'बाबू' म्हटलं की पार्सलांवरचे पत्ते आणि पाठवणीचा कागद तयार, कारण ते काम बाबू शिपाई करायचा. बाबू आदल्याच वर्षी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणीच आलं नाही. ती जागा 'बाबू'ने भरली होती. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

आणि 'गोदा' म्हटलं की प्रूफ. ओळीत किती घरं (ब्रेलच्या सहा टिंबांची जागा म्हणजे एक घर), पानात किती ओळी, आकड्याआधी आकड्याची खूण आहे की नाही, मूळ मजकुरातला एखादा शब्द ब्रेलमध्ये गळाला का, सगळं ती स्क्रिप्ट तपासायची. आठ महिने घालवले होते मी तिच्यावर. गोदाक्कांनी आजवर काढलेल्या चुकांच्या वह्या मागून घेतल्या आणि प्रत्येक चूक तिला शिकवली. वह्या त्यांनी स्वतः दिल्या होत्या. "शिक बाबा," म्हणाल्या होत्या.

ते जानेवारीचे शेवटचे दिवस होते. दहावीच्या अंध विद्यार्थ्यांसाठी गणिताचा सराव संच छापायचा होता, चाळीस प्रती, वेगवेगळ्या शाळांना. खांद्यावर थाप मारली त्याच सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे पुस्तक गोदाक्का वाचणार नाहीत. 'गोदा'ने तपासलंय. पुस्तक सुखरूप गेलं की शनिवारी छापखाना चालवणाऱ्या संस्थेच्या समितीपुढे तसा अहवाल जाईल, प्रूफवाचकाची जागा एक तारखेपासून बंद होईल, आणि निशिकांत कायम होईल. गोदाक्कांना निवृत्तीला पाच वर्षं होती. तोवर पार्सलं बांधायला त्यांना ठेवून घेऊ असं साहेब म्हणाले, आणि ते त्यांना मोठं औदार्य वाटत होतं.

"मला एकच पाहिजे," गोदाक्का म्हणाल्या. "छापून झालं की ढिगातनं एक पुस्तक मला काढून द्या. मधलं."

ही त्यांची जुनी खोड. पहिली प्रत त्या कधीच हातात घ्यायच्या नाहीत. चाळीस पुस्तकं असोत की चारशे, रजाकभाईंना सांगायच्या, मधलं काढ. मग ते बाजूला ठेवून, आता ह्याच्या पुढचं मधलं काढ. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. सगळ्या प्रती एकाच फायलीतून निघतात, मग पहिली काय आणि विसावी काय?

"आक्का, फाईल बरोबर आहे," मी समजावलं. "फाईल बरोबर म्हणजे कागद बरोबर."

"असं?" त्या म्हणाल्या. "बरं."

मंगळवारी सकाळी मी 'रजाक' टाइप केलं आणि यंत्र धडधडायला लागलं. आमचं यंत्र जुनं होतं. त्याच्या डोक्यात सहा बारीक हातोड्या, ब्रेलच्या सहा टिंबांना एकेक. जाड कागदावर त्या आपटत जायच्या आणि खोलीत कुणी कुणाशी बोलू शकायचं नाही. पहिलं पुस्तक निघालं ते मी स्वतः डोळ्यांनी तपासलं. सुरेख होतं.

बुधवारी दुपारी रजाकभाई माझ्याकडे आले. पन्नाशीचा माणूस, अंगाने किरकोळ, कानाला कायम पेन्सिल.

"निशीभाई, आवाज बदललाय मशीनचा."

"म्हणजे?"

"सकाळी चांगला असतोय. दुपार झाली की एक ठोका मऊ पडतोय. कान देऊन बघा की जरा."

मी गेलो, कान दिला. मला नुसती धडधड ऐकू आली. ताजं पान उचललं, टिंबं बघितली. सगळी होती.

"फाईल ठीक आहे, रजाकभाई. टिंबं पण दिसतायत. चालू द्या."

त्यांनी खांदे उडवले आणि ते परत गेले. मी जागेवर येऊन शनिवारच्या अहवालाचे तक्ते सुबक करत बसलो.

गुरुवारी दुपारी तीनला चाळिसावं पुस्तक निघालं. संध्याकाळी सहाला मालवाहतुकीची गाडी येणार होती. गोदाक्का खाली सतरंजीवर बसून पार्सलं बांधत होत्या. रजाकभाई पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवत होते, त्या कागद गुंडाळून सुतळी आवळत होत्या, आणि गाठ मारायच्या आधी प्रत्येक वेळी पुस्तकाच्या पोटात बोटं घालत होत्या. साहेबांनी वाचायला मनाई केली होती, हात लावायला नव्हती.

"निशी."

"काय आक्का?"

"तेविसावं गणित बघ तुझ्या फायलीत. काटकोन त्रिकोणाच्या बाजू किती दिल्यात?"

मी फाईल उघडली. "तीन, चार, पाच."

"हितं तीन, तीन, एक हाय."

मी उठून गेलो. त्यांच्या मांडीवर एकतिसावं पुस्तक उघडं होतं आणि त्यांचं बोट एका ओळीवर टेकलेलं होतं. मी वाकून बघितलं. ब्रेल मी डोळ्यांनी वाचायला शिकलो होतो. तीन, चार, पाच. जिथे टिंब हवं तिथे टिंब होतं.

"बरोबर आहे की आक्का. मला दिसतंय."

"तुला दिसतंय म्हणून काय झालं? तीन-तीन-एकचा काटकोन कुठल्या मुलखात होतोय ते सांग मला."

आणि मग मी ते वाक्य बोललो. "थंडी आहे आक्का. बोटं बधिर झाली असतील. वयही झालं."

रजाकभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. ते पुढे झाले, पुस्तक उचललं, खिडकीशी नेलं आणि पान डोळ्याच्या पातळीला आडवं धरलं. बराच वेळ त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

"हितं या निशीभाई."

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. दुपारचं ऊन तिरकं येत होतं. आडव्या पानावर टिंबांच्या रांगा उभ्या होत्या, आणि प्रत्येक घरातलं पाचवं टिंब, उजवीकडचं मधलं, नुसता डाग होता. वरून बघितलं की सावली दिसते, म्हणजे टिंब आहे असं वाटतं. उंची मात्र नाही. बोट त्याच्यावरून जाईल आणि त्याला काही लागणार नाही.

"पाचवी हातोडी," रजाकभाई म्हणाले. "तापली की मागं राहती."

ब्रेलमध्ये चारातलं पाचवं टिंब गेलं की तीन होतो. पाचाचा एक, साताचे सहा, आठाचे दोन. आणि शून्याचे नऊ. मी मनातल्या मनात ते सगळं पुस्तक वाचलं, मुलांच्या बोटांनी.

"अक्षर चुकलं तर पोरं मागच्या-पुढच्या शब्दांच्या वळणानं वाचत्यात," गोदाक्का खालून म्हणाल्या. "आकड्याला वळण नसतंय रे. आकडा हाय तो हाय."

"सगळीच चाळीस गेली का?" मी विचारलं.

"सगळी कशी जातील? सकाळी मशीन गार असतंय की. रजाक, पार्सलं सोड. तिन्ही दिवसांचे तीन ढीग कर, छापले तसे, वरपासनं खाली."

पुस्तकांवर नंबर होते, त्यामुळे ढीग लागायला वेळ लागला नाही. मंगळवारची तेरा, बुधवारची चौदा, गुरुवारची तेरा. गोदाक्का मंगळवारच्या ढिगाशी सरकल्या आणि म्हणाल्या, "मधलं."

रजाकभाईंनी सातवं दिलं. त्यांनी तेविसावं गणित काढलं, बोट फिरवलं. "चांगलं हाय. म्हणजे वरची सात ठेव बाजूला. उरल्यातलं मधलं दे." दहावं. "गेलं. आता ह्या दोघांच्या मधलं." आठवं चांगलं होतं, नववं चांगलं होतं. "दहापासनं गेलीत. चार."

मी जागेवर खिळून बघत होतो. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं. रांगेत हवी ती जागा शोधायची तर पहिल्यापासून एकेक बघत बसायचं नाही, मध्यावर जायचं, अर्धी रांग टाकून द्यायची, पुन्हा मध्यावर. त्यावर मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. आणि दोन वर्षं ही बाई माझ्या डोळ्यांदेखत तेच करत होती आणि मी त्याला खूळ म्हणत होतो. फाईल कशी आहे हे बघणं त्यांच्या कामाचा एक भाग होता. यंत्र कुठे दमलं हे शोधणं हा दुसरा, आणि तो त्यांनी कुठल्याच वहीत लिहिला नव्हता.

बुधवारची पहिली पाच चांगली निघाली, गुरुवारची फक्त दोन. सोळा चांगली, चोवीस वाया. पाऊण तासात हिशेब हातात आला.

तेवढ्यात आरवाडे साहेब वरून खाली आले. सुटलेली पार्सलं बघून दारातच थांबले.

"हे काय चाललंय? गाडी सहाला येणार आहे."

मी सांगितलं, एका दमात, रजाकभाईंनी बुधवारी दिलेल्या इशाऱ्यासकट. साहेबांनी पुस्तक उचललं आणि नाकाजवळ नेऊन बघितलं.

"दिसतायत की टिंबं."

"दिसतात साहेब. लागत नाहीत."

"थोडीफार दबली असतील. पोरं हुशार असतात रे. मास्तर सांगतील. आत्ता परत छापायचं म्हणजे किती दिवस?"

"मशीनला विसावा देत छापायचं तर तीन," रजाकभाई म्हणाले. "हातोडी पुण्याहून यायला आठवडा लागंल."

"शनिवारी समिती आहे!" साहेबांचा आवाज चढला. मग त्यांनी तो खाली आणला आणि माझ्याजवळ आले. वाईट माणूस नव्हता तो. छापखाना वर्षानुवर्षं तोट्यात होता, समिती त्यांना दर बैठकीत सोलून काढायची, आणि माझ्या चाळीस सेकंदांवर त्यांनी सगळा भरवसा टाकला होता. "निशिकांत, तुझं पत्र त्याच बैठकीत आहे. विचार कर. एवढ्या-तेवढ्यानं कुणाचं काय बिघडत नाही."

"बिघडतंय की," गोदाक्का म्हणाल्या.

त्या सतरंजीवरून उठल्या, टेबलाचा कोपरा चाचपून उभ्या राहिल्या आणि साहेबांच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"मॅट्रिकला मी गणितात नापास झाले, साहेब. दोनदा. गुरुजींनी तोंडी घातलेलं गणित मी चुटकीसरशी सोडवायची, आणि पुस्तकातलं घेतलं की उत्तर जुळायचं नाही. कधीच नाही. गुरुजी म्हणाले, तुझं लक्ष नाही. आई म्हणाली, आपल्या नशिबात नाही, बास कर आता. मला मास्तरीण व्हायचं होतं. मी स्वतःला ढ म्हणून घेतलं आणि घरी बसले."

बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. वर्षानुवर्षं मनात घोकलेलं असावं.

"मग अकरा वर्षांनी हितं नोकरीला लागले. पहिल्याच महिन्यात गोदाम आवरताना तेच पुस्तक हाताला लागलं. माझं न्हवं, आपल्या छापखान्याची ठेवणीतली प्रत. मी उघडलं. पानंच्या पानं टिंब दबलेलं होतं, साहेब. चाराचे तीन, पाचाचे एक. उत्तरं मागच्या पानावर बरोबर आणि गणितं चुकलेली. त्या वर्षी ते पुस्तक वाचणाऱ्या किती जणी घरी बसल्या, ते मला माहीत न्हाई. कुणी तक्रार केली न्हाई. आम्ही कशाच्या जोरावर करणार? आमच्या बोटाला जे लागलं तेच आम्हाला खरं."

त्या पंचवीस वर्षं मधलं पुस्तक का मागत होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि मी तासाभरापूर्वी त्यांच्या बोटांबद्दल काय बोललो होतो तेही आठवलं. रडू येत होतं. पण रडून पुस्तकं छापून होत नाहीत.

"साहेब," मी म्हणालो, "मी पाठवणी करणार नाही."

"काय?"

"पाठवणीचा कागद माझ्या आज्ञेने निघतो. मी ती देणार नाही. आणि शनिवारी समितीपुढे जे सांगायचं ते मी स्वतः सांगेन."

"पत्र जाईल तुझं."

"जाऊ दे."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग गोदाक्कांकडे. पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं, वर गेले, आणि थोड्या वेळाने फोनवरचा त्यांचा आवाज जिन्यातून खाली आला. "हो, गणिताचा संच. सोमवारी निघेल. नाही, नाही, अडचण काही नाही. आमच्या वाचकबाईंनी थांबवलंय."

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही तिघे यंत्राशी होतो. वीस मिनिटं छापायचं, दहा मिनिटं थांबायचं. रजाकभाईंनी घरून टेबलपंखा आणून यंत्राच्या डोक्यावर रोखला होता. ऐन थंडीत आम्ही दोघे स्वेटर घालून पंख्यासमोर काकडत उभे, आणि गोदाक्का पंख्याच्या पलीकडे शाल पांघरून निवांत. दर विसाव्याआधीचं शेवटचं पान त्यांच्या हातात जायचं. त्या बोट फिरवायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. दोनदा "हं" आलं नाही. दोन्ही वेळा आम्ही ती खेप टाकून दिली आणि पुन्हा छापली. मी एकदाही वाद घातला नाही.

विसाव्याच्या दहा-दहा मिनिटांत मी 'गोदा'ची स्क्रिप्ट नव्याने लिहायला घेतली.

"आक्का, कुठलं पुस्तक काढायचं ते तुम्ही कसं ठरवता? मध्यानंतर?"

"तुला कशाला सांगू? तू तेवढीच नीट छापशील."

"मी नाही हो."

"तू न्हाईस. तुझ्यानंतरचा कोण असंल तो."

हे बरोबर होतं. म्हणून मी ते नशिबावर सोडलं. आता 'गोदा' म्हटलं की स्क्रिप्ट आधी पूर्वीसारखी फाईल तपासायची, आणि मग थांबायची. स्वतःच एक पुस्तक, एक पान, एक ओळ निवडायची आणि पडद्यावर लिहायची. आमच्यापैकी कुणीतरी ते वाचून सांगायचं, पुस्तक ढिगातून काढायचं, आक्कांनी ती ओळ बोटांनी वाचायची, आणि जे लागलं ते कीबोर्डच्या सहा कळांवर, ब्रेलमध्येच, टाइप करायचं. बोटाला लागलेलं आणि फायलीत असलेलं जुळलं तर पुढची ओळ. अशा बारा ओळी जुळल्याशिवाय 'बाबू' पाठवणीचा कागद देणार नाही. कळा दाबून दाखवल्यावर गोदाक्कांनी दोन मिनिटांत त्यावर हात बसवला. पंचवीस वर्षं वाचणारी ती बोटं लिहायलाही तेवढीच तयार होती, आणि हे आम्ही कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी समितीपुढे मी उभा राहिलो. म्हणालो, "मी आठ महिने घालवून जे केलं ते गोदाक्कांचं काम नाही. त्याला त्यांचं नाव देणं ही माझी चूक झाली. फाईल मी तपासतो, कागद त्या तपासतात. कागद तपासणारं माणूस काढलं तर आपण काय पाठवतो हे आपल्यालाच कळणार नाही." खाली यंत्र थांबत-थांबत चालत होतं, त्याचा आवाज येत होता. अध्यक्षांनी एकच विचारलं, ही स्क्रिप्ट थांबते तेव्हा तिला कोण पुढे ढकलू शकतं? मी म्हणालो, बोटांनी वाचू शकणारं कुणीही. इथे सध्या एकच माणूस आहे.

जागा राहिली. बोटांनी वाचल्याशिवाय पार्सल बाहेर जाणार नाही असा ठराव इतिवृत्तात आला. माझं पत्र पुढच्या बैठकीवर गेलं, तिथून त्याच्या पुढच्या, आणि अकरा महिन्यांनी मी पुण्याला दुसरी नोकरी धरली. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आज वाटत नाही. सोमवारी चाळीसच्या चाळीस पुस्तकं गेली. गोदाक्का पाच वर्षं खिडकीजवळच बसल्या, आणि त्यांच्या जागी त्यांनीच तयार केलेली मुलगी आली.

पण मला तो सोमवार किंवा ती बैठक तेवढी आठवत नाही, जेवढा त्यानंतरचा एक मंगळवार आठवतो. पाचवीच्या इतिहासाचं पुस्तक तयार होतं. साहेबांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी हस्ते एका शाळेत वाटप ठरलेलं, आणि त्यांना भलतीच घाई. मी रजाकभाईंना नवी हातोडी बसवायला मदत करत होतो, हाताला ग्रीस. साहेब म्हणाले, "राहू दे, मीच करतो," आणि माझ्या खुर्चीत बसले. एका बोटाने शोधत-शोधत त्यांनी जी, ओ, डी, ए दाबलं.

पडद्यावर ओळी सरकल्या आणि थांबल्या. पुस्तक अकरा, पान चौतीस, ओळ सात. वाचा.

साहेबांनी एंटर दाबलं. वाचा. त्यांनी पुन्हा दाबलं. वाचा. स्पेस दाबून बघितला, मग दोन-चार कळा एकदम.

"निशिकांत, हे पुढं का सरकेना झालंय?"

"आक्का चहाला गेल्यात, साहेब."

"मग?"

"येतील इतक्यात. बसा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं. मग कुणी न सांगता उठून ढिगाशी गेले, अकरावं पुस्तक काढलं, चौतिसावं पान उघडून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, आणि शेजारी स्टूल ओढून वाट बघत बसले.